विश्लेषण : धुरातल्या कार्बनपासून इंधन! जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना हे गणित जमेल का?

कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याऐवजी त्यात वीज सोडायची आणि त्यापासून इंधन किंवा रसायन बनवायचे, या तंत्रज्ञानाची सध्या जगभर चर्चा आहे. केंद्र सरकारने २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात कार्बन पकडणे, वापरणे आणि साठवणे यासाठी पाच वर्षांत २० हजार कोटी रुपयांची तरतूद प्रस्तावित केली. त्यासाठी निवडलेल्या पाच उद्योगांत पोलादही आहे. त्यामुळे ‘स्टील सिटी’ म्हणवणाऱ्या जालन्यासाठी हा विषय आता केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. पण जालना एमआयडीसीतील भट्ट्यांचा कार्बन नेमका कुठून निघतो, तो पकडता येतो का आणि त्याचे रसायन करायला किती वीज लागते, हे पाहिल्याशिवाय या तंत्रज्ञानाचा जालन्याला उपयोग किती, हे ठरवता येत नाही.

जालन्याचा पोलाद उद्योग कसा चालतो?

बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांमुळे जालना देशभर ओळखले जाते. येथील पोलाद मात्र जमशेदपूर किंवा भिलाईसारखे खनिजापासून बनत नाही. तिथे लोहखनिज आणि कोक झोतभट्टीत टाकून कच्चे लोखंड काढले जाते. जालन्यात भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवले जाते. वितळलेल्या धातूचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया होतात. घरांच्या स्लॅबपासून धरणांच्या कामापर्यंत वापरल्या जाणाऱ्या टीएमटी सळया हेच येथील मुख्य उत्पादन.

इंडक्शन भट्टीत कोळसा जळत नाही. भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वीज फिरते, तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भंगारातच प्रवाह निर्माण होतो आणि त्या उष्णतेने ते वितळते. एक टन पोलाद वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. म्हणूनच जालन्यात कारखानदारांच्या बैठकीत भंगाराच्या दराइतकीच चर्चा वीजदराची असते. कार्बनच्या हिशेबातही हीच गोष्ट निर्णायक ठरते.

कार्बन डायऑक्साइडचे इंधन करणे म्हणजे नेमके काय?

लाकूड, डिझेल किंवा कोळसा जळतो तेव्हा त्यातील कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ऊर्जा बाहेर पडते आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो ‘जळून गेलेला’ कार्बन आहे. त्याला पुन्हा उपयोगी बनवायचे तर बाहेर पडलेली ऊर्जा परत घालावी लागते. झाडे हे काम सूर्यप्रकाशाच्या आधारे करतात. विद्युत-रासायनिक पद्धतीत ते काम विजेकडून करून घेतले जाते.

यासाठीच्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. त्यात दोन विद्युताग्रे असतात आणि त्यांच्यामध्ये एक पातळ पटल. धनाग्रावर पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. ऋणाग्रावर कार्बन डायऑक्साइडला इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्याचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर होते. पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राचाच हा भाऊबंद. फरक इतकाच, की येथे पाण्यासोबत कार्बन डायऑक्साइडही आत सोडला जातो.

कोणता पदार्थ मिळेल, हे ऋणाग्राच्या धातूवर ठरते. चांदी किंवा सोने वापरले तर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळतो. कथील किंवा बिस्मथवर फॉर्मिक आम्लाची संयुगे मिळतात. तांब्याची गोष्ट वेगळी आहे. जपानमधील चिबा विद्यापीठाचे योशिओ होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की तांब्यावर मिथेन, एथिलीन यांसारखी हायड्रोकार्बन तयार होतात. एथिलीन हा प्लास्टिक उद्योगाचा मूळ कच्चा माल असल्याने तेव्हापासून तांब्यावर हजारो संशोधने झाली. अडचण अशी, की तांबे एकाच वेळी अनेक पदार्थ बनवते आणि ते वेगळे करण्यात पुन्हा ऊर्जा व पैसा जातो.

दुसरा मार्ग अप्रत्यक्ष आहे. आधी पाण्यापासून हायड्रोजन काढायचा आणि मग उत्प्रेरकाच्या साह्याने त्याची कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया घडवून मेथेनॉल बनवायचे. यातील दोन्ही टप्पे उद्योगाला परिचित आहेत. त्यामुळे आज जगात जे मोठे प्रकल्प उभे आहेत, ते बहुतेक याच मार्गाचे आहेत.

यासाठी किती वीज लागते?

खरी मेख येथे आहे. सर्वांत सोपे उत्पादन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याच्या प्रत्येक रेणूसाठी दोन इलेक्ट्रॉन लागतात. एक टन कार्बन मोनॉक्साइड बनवायला साधारण १.५७ टन कार्बन डायऑक्साइड खर्च होतो. यंत्रात काहीच वाया गेले नाही, असे मानले तरी निसर्गनियमानुसार किमान अडीच हजार युनिट वीज द्यावीच लागते. प्रत्यक्षात यंत्र सुमारे तीन व्होल्टवर चालते आणि थोडी वीज नको असलेल्या हायड्रोजनवर जाते. त्यामुळे हा आकडा सहा हजार युनिटच्या घरात पोहोचतो.

एथिलीनच्या एका रेणूला १२ इलेक्ट्रॉन लागतात. तीन व्होल्टला आणि सगळी वीज सत्कारणी लागली असे धरूनही एका टनाला ३४ हजारांहून अधिक युनिट होतात. अप्रत्यक्ष मार्गाने एक टन मेथेनॉल करायचे तर सुमारे १९० किलो हायड्रोजन लागतो आणि त्यासाठी १० हजार युनिटच्या आसपास वीज.

आता ही वीज ग्रिडमधून घेतली तर काय होईल? भारतातील ग्रिडची वीज अजून बहुतांशी कोळशाची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानुसार अलीकडच्या वर्षांत एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे सहा हजार युनिट वापरली की कुठेतरी वीज प्रकल्पाच्या धुराड्यातून ४.२ टन बाहेर पडणार आणि जालन्यात १.५७ टन वापरला जाणार. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तशातला हा प्रकार.

हे गणित बरोबरीत यायचे असेल तर विजेचे उत्सर्जन युनिटमागे साधारण २६० ग्रॅमच्या खाली असायला हवे. सौर किंवा पवन वीज ही अट सहज पूर्ण करते, ग्रिडची सरासरी वीज करत नाही. त्यामुळे अशा कोणत्याही प्रकल्पाबद्दल पहिला प्रश्न यंत्राचा नसून विजेचा असतो : ती कुठून येणार आणि दिवसाचे किती तास येणार?

भट्टीच्या धुरात हा वायू आहे तरी किती?

मोठ्या झोतभट्टीच्या वायूत कार्बन भरपूर असतो. टाटा स्टीलने सप्टेंबर २०२१ मध्ये जमशेदपूरला झोतभट्टीच्या वायूतून रोज पाच टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्रकल्प सुरू केला तो त्यामुळेच. जालन्यात झोतभट्टी नाही. इंडक्शन भट्टीतून निघणाऱ्या धुरात धूळ, धातूंच्या ऑक्साइडचे कण आणि भंगारावरील तेल-रंग जळाल्याचा धूर असतो. कार्बन डायऑक्साइड तुलनेने थोडा आणि भरपूर हवेत मिसळलेला. तो पकडण्यासाठी अवाढव्य हवा गाळावी लागेल.

रोलिंग मिलमध्ये थंड झालेले बिलेट पुन्हा तापवण्यासाठी जिथे कोळसा, फर्नेस ऑइल किंवा वायू जाळला जातो, तिथे मात्र धुराड्यातून थेट उत्सर्जन होते. पण भट्टीतून निघालेले गरम बिलेट थंड होऊ न देता थेट मिलमध्ये नेले, तर हे इंधन मुळातच वाचते. जो कार्बन टाळता येतो, तो पकडण्यासाठी यंत्र बसवणे हा द्राविडी प्राणायाम ठरेल.

मग जालन्याच्या पोलादाचा कार्बन आहे कुठे? त्याचा मोठा वाटा दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही एमआयडीसीच्या हद्दीबाहेर. पहिले ठिकाण वीज प्रकल्प. दुसरे, स्पंज आयर्नचे कारखाने. भारतात बहुतांश स्पंज आयर्न कोळशाचा वापर करून बनते. ते भट्टीत पडते तेव्हा जालन्यात धूर दिसत नाही. पण त्याच्या प्रत्येक टनामागचा कार्बन आधीच दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात हवेत गेलेला असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एखादा कारखाना रोज ५०० टन पोलाद वितळवतो आणि टनाला ६०० युनिट वापरतो. दिवसाला तीन लाख युनिट झाली. ग्रिडच्या सरासरीने केवळ या विजेमागे रोज २१० टन कार्बन डायऑक्साइड होतो. याच कारखान्याने रोज एक टन कार्बन मोनॉक्साइड बनवणारे यंत्र बसवले आणि ते पूर्णपणे सौर विजेवर चालवले, तरी त्यात रोज दीड टनाच्या आसपासच वायू वापरला जाईल. त्यासाठी सुमारे दीड मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि सहा-सात एकर जागा लागेल.

हीच सौर वीज थेट भट्टीला दिली तर?

धोरण ठरवणाऱ्यांनी आणि कारखानदारांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. सौर विजेची सहा हजार युनिट हातात आहेत, असे समजा. त्यांचे दोन उपयोग शक्य आहेत. एक, इलेक्ट्रोलायझर चालवून १.५७ टन कार्बन डायऑक्साइड वापरणे. दोन, ती थेट भट्टीला देऊन सुमारे १० टन पोलाद वितळवणे आणि तेवढी ग्रिडची वीज वाचवणे. दुसऱ्या मार्गात ४.२ टन उत्सर्जन टळते, म्हणजे अडीच पटींहून जास्त. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, विषारी वायू साठवावा लागत नाही आणि ग्राहकही शोधावा लागत नाही.

या तुलनेला दुसरी बाजूही आहे. इलेक्ट्रोलायझरमधून निघालेले रसायन कोळसा किंवा नैसर्गिक वायूपासून बनणाऱ्या रसायनाची जागा घेते. तिथले उत्सर्जन टळते, ते त्याच्या खात्यात जमा करावे लागेल. मात्र उत्पादन जर इंधन असेल, तर ते जळताच कार्बन पुन्हा हवेत जातो. तो कायमचा पुरला गेला, असे होत नाही. तो आणखी एकदा वापरला गेला, एवढेच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. जोपर्यंत भट्टीला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग कोळशाचा आहे, तोपर्यंत स्वच्छ विजेचे पहिले युनिट भट्टीला देणे शहाणपणाचे. दुपारी सौर वीज भट्टीच्या गरजेपेक्षा जास्त होऊन वाया जाऊ लागली, की इलेक्ट्रोलायझरची वेळ येते. परंतु दिवसाला पाच-सहा तास चालणाऱ्या महागड्या यंत्राची किंमत वसूल होण्यास तितकाच जास्त काळ लागतो. स्वस्त वीज आणि सलग चालणारे यंत्र या दोन्ही गोष्टी एकत्र जमवणे हे जगभरातील सर्वच प्रकल्पांपुढचे कोडे आहे.

खर्चाचे काय?

वीजदराचा परिणाम थेट दिसतो. युनिटला आठ रुपये दर धरला, तर एक टन कार्बन मोनॉक्साइडसाठी केवळ विजेचे ४८ हजार रुपये होतात. तीन रुपये धरला तर १८ हजार. देशातील मोठ्या सौर लिलावांत अडीच रुपयांच्या आसपास दर मिळालेले आहेत. पण ती वीज कारखान्यापर्यंत आणताना वहन शुल्क, अधिभार आणि रात्रीच्या विजेची सोय यांची भर पडते. यंत्राची किंमत, वायू शुद्ध करण्याचा आणि उत्पादन वेगळे करण्याचा खर्च वेगळाच.

शिवाय जालन्यात हे उत्पादन घेणार कोण? कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू आहे. तो टाक्यांत भरून लांब नेणे धोक्याचे. जिथे अॅसेटिक आम्ल किंवा अन्य रसायने बनतात, तिथेच कुंपणाला लागून त्याचे उत्पादन करणे सोयीचे. महाराष्ट्रातील मोठे रसायन कारखाने तळोजा, रोहा, पाताळगंगा, लोटे या कोकण पट्ट्यात आहेत. जालन्यात तशी साखळी नाही. फॉर्मिक आम्ल द्रवरूप असल्याने टँकरने नेता येते आणि कातडी कमावणे, कापड, रबर या उद्योगांत त्याला मागणी असते. पण ती बाजारपेठ मर्यादित आहे. मेथेनॉलची बाजारपेठ मोठी आहे आणि भारत आपल्या गरजेचे बहुतांश मेथेनॉल आयात करतो. मात्र तिथे स्पर्धा आखाती देशांतील स्वस्त नैसर्गिक वायूपासून बनलेल्या मेथेनॉलशी आहे.

यंत्र टिकते किती?

रासायनिक उद्योगाला यंत्र वर्षानुवर्षे अखंड चालावे लागते. मीठ-पाण्यातून क्लोरिन आणि कॉस्टिक सोडा काढणारे इलेक्ट्रोलायझर तसे चालतात. वर्षाचे तास होतात ८,७६०. कार्बन डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोलायझरच्या बहुतेक प्रसिद्ध चाचण्या काहीशे ते काही हजार तासांच्या आहेत.

यामागे तीन प्रमुख कारणे आहेत. पहिले म्हणजे क्षार साचणे. यंत्रातील अल्कधर्मी द्रवाशी संयोग होऊन बराच कार्बन डायऑक्साइड कार्बोनेटच्या रूपात अडकतो. त्याचे स्फटिक विद्युताग्राची सूक्ष्म छिद्रे बुजवतात, बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीत थर साचावा तसे. यामुळे नेहमीच्या रचनेत आत सोडलेल्या वायूपैकी कार्बन मोनॉक्साइडसाठी फार तर निम्मा, तर एथिलीनसाठी पाव हिस्साच कामी येतो. आम्लधर्मी रचना वापरून ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

दुसरे कारण अशुद्धी. धुरातील गंधकाची संयुगे उत्प्रेरक निकामी करतात. धुरात ऑक्सिजन असेल तर वीज कार्बन डायऑक्साइडऐवजी त्याच्यावर खर्च होते. म्हणजे धुराड्याला नळी जोडली आणि दुसऱ्या टोकाला इंधन मिळाले, असे होत नाही. मध्ये वायू पकडण्याचा आणि शुद्ध करण्याचा स्वतंत्र कारखाना लागतो. तिसरे कारण, धनाग्रासाठी अनेक रचनांत लागणारा इरिडियम हा अत्यंत दुर्मीळ व महाग धातू.

जगात आणि भारतात काय सुरू आहे?

आइसलँडमध्ये भूऔष्णिक वीज प्रकल्पातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून मेथेनॉल बनवणारा प्रकल्प गेल्या दशकाच्या सुरुवातीलाच उभा राहिला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे चार हजार टन. डेन्मार्कमधील कासो येथे मे २०२५ मध्ये वर्षाला ४२ हजार टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. तिथे सौर विजेतून हायड्रोजन आणि जैववायू प्रकल्पातून कार्बन डायऑक्साइड घेतला जातो. एक मोठी जहाज कंपनी त्याची ग्राहक आहे. दोन्ही ठिकाणी स्वस्त स्वच्छ वीज किंवा शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा स्रोत आणि खात्रीचा ग्राहक आधी होता, यंत्र नंतर आले.

भारतात एनटीपीसीने मध्य प्रदेशातील विंध्याचल येथे कोळशाच्या धुरातून रोज २० टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याची आणि हायड्रोजनच्या साह्याने रोज १० टन मेथेनॉल बनवण्याची सोय उभारली. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये या विषयासाठी दोन राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे जाहीर केली : एक मुंबईत आयआयटीमध्ये, दुसरे बेंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात. बेंगळूरुच्या केंद्रातील संशोधनातून उभी राहिलेली ब्रीद ही कंपनी कार्बन एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली होती.

जालन्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीचा, मराठवाडा परिसर २०१८ पासून जालन्यात आहे आणि तो अतिरिक्त एमआयडीसी क्षेत्रातच आहे. रासायनिक अभियांत्रिकी शिकवणारी अशी संस्था भट्ट्यांच्या शेजारी असणे, ही देशातल्या फार थोड्या पोलाद वसाहतींच्या वाट्याला आलेली सोय आहे.

‘हरित पोलाद’ नियमांचा जालन्यावर काय परिणाम होईल?

पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते हरित. २.० ते २.२ टनांना तीन तारे, १.६ ते २.० ला चार आणि १.६ पेक्षा कमी असेल तर पाच तारे. देशाची सरासरी अडीच टनांच्या आसपास आहे. प्रमाणपत्राचे काम राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडे आहे.

या मोजणीत कारखान्याच्या धुराड्यासोबत विकत घेतलेली वीज आणि विकत घेतलेल्या कच्च्या मालामागचे उत्सर्जनही धरले जाते. जालन्यासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. भंगाराचे प्रमाण जास्त आणि वीज स्वच्छ असेल, तर येथील पोलाद वरच्या श्रेणीत बसू शकते. कोळशावरील स्पंज आयर्न वाढले की तारे कमी होतात. धुराड्यावर कार्बन पकडणारे यंत्र लावल्याने या आकड्यात फारसा फरक पडणार नाही, कारण मोठा कार्बन त्या धुराड्यातून जातच नाही.

युरोपीय संघाच्या कार्बन सीमाकराची प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाली. जालन्याच्या सळया प्रामुख्याने देशातच विकल्या जात असल्याने त्याचा थेट फटका मर्यादित आहे. पण सरकारी बांधकामांत हरित पोलादाला प्राधान्य देण्याचे धोरण आले, तर ताऱ्यांना बाजारात किंमत येईल.

शहरातील धुळीचा प्रश्न यातून सुटेल का?

नाही. आणि ही गल्लत टाळणे आवश्यक आहे. कार्बन डायऑक्साइड हा तापमानवाढीला कारणीभूत वायू आहे. तो दिसत नाही आणि नेहमीच्या प्रमाणात श्वासालाही त्रास देत नाही. जालनेकरांना जो त्रास होतो, तो धुळीचा आणि काळ्या धुराचा. हवेचा दर्जा ठरलेल्या मानकांत न बसणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांमध्ये जालन्याचा समावेश आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाखाली त्यासाठी स्वतंत्र उपाय अपेक्षित आहेत.

त्या उपायांचे स्वरूपही वेगळे आहे : भट्टीच्या तोंडावर धूर ओढणारे झाकण, बॅग फिल्टर आणि तो प्रत्यक्ष चालू ठेवणे, भंगाराची आधी साफसफाई, वसाहतीतील रस्ते आणि मळीच्या ढिगांची व्यवस्था. यातले एकही काम इलेक्ट्रोलायझर करत नाही. त्यामुळे ‘कार्बनपासून इंधन’ ही घोषणा धुळीच्या तक्रारीवरचे उत्तर म्हणून पुढे आली, तर नागरिकांनी दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मागायला हवा.

पाण्याची अडचण येईल का?

जालना हा पाण्यासाठी झगडणारा जिल्हा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराची झालेली दैना अनेकांना आठवत असेल. जायकवाडीवरून येणाऱ्या पाण्यावर शहराची मोठी भिस्त आहे. एक किलो हायड्रोजनसाठी रासायनिक हिशेबाने किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे आणि थंड करण्यासाठीचे पाणी धरले तर त्याहून बरेच अधिक. छोट्या पथदर्शी प्रकल्पासाठी ही अडचण नाही. मोठा प्रकल्प आखायचा तर मात्र प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा विचार आधीच करावा लागेल.

मग जालन्यात नेमके काय करता येईल?

पहिली पायरी जुन्याच उपायांची : भट्टीला सौर-पवन वीज, गरम बिलेट थेट मिलमध्ये, भंगाराची चांगली छाननी आणि प्रत्येक टनामागच्या उत्सर्जनाची काटेकोर नोंद. यात प्रयोगाचा धोका नाही आणि ताऱ्यांच्या हिशेबात लगेच फरक दिसतो.

दुसरी पायरी कार्बनचा योग्य स्रोत शोधण्याची. तो भट्टीच्या धुरापेक्षा मराठवाड्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत अधिक सोयीने मिळू शकतो. उसाच्या रसाचे किंवा मळीचे किण्वन होताना जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक लाख लिटर इथेनॉलमागे सुमारे ७५ टन. कोळशाच्या धुरात त्याचे प्रमाण १२ ते १५ टक्केच असते. शिवाय आसवनीतला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे त्यापासून बनलेले इंधन जळाले तरी हवेत नवा कार्बन येत नाही. यातील काही वायू शीतपेये आणि सुक्या बर्फासाठी विकलाही जातो, म्हणजे तो गोळा करण्याचे तंत्र नवे नाही.

तिसरी पायरी शिकण्याची. रोज काही किलो फॉर्मिक आम्ल बनवणारे छोटे यंत्र, आसवनीतील वायू आणि छतावरील सौर वीज घेऊन रसायन तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी काही हजार तास चालवले, तर त्यातून खरी माहिती मिळेल : मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते कसे वागते, क्षार किती दिवसांत साचतात, येथील पाण्यावर काय प्रक्रिया लागते. इंडक्शन भट्टीचे तंत्र ज्या शहराने आत्मसात केले, तिथे विजेवर चालणारे अवजड यंत्र सांभाळणारे कारागीर आणि अभियंते तयार आहेत. ही जमेची बाजू आहे.

सार्वजनिक पैसा कुठे जातो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहील. २० हजार कोटींच्या योजनेतून जालन्यासारख्या दुय्यम पोलाद केंद्रांनी कार्बन पकडणारी यंत्रे मागावीत की स्वच्छ विजेची जोडणी, साठवण आणि मोजमापाची सोय मागावी, हा निर्णय उद्योग संघटना आणि राज्य सरकारला घ्यावा लागेल. कोणत्याही प्रस्तावाची पारख तीन प्रश्नांनी करता येईल. वीज कोणती? कार्बन कुठला? माल घेणार कोण? या तिन्हींची उत्तरे कागदावर आकड्यांत असतील, तर तो प्रकल्प आहे. नसतील, तर ते अनुदानासाठी केलेले सादरीकरण आहे.